नवे पॅड, नवी डिस्क, तरी ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतंच: परत परत येणाऱ्या तक्रारीचा माग

ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. पॅड बदलावेत, डिस्क बदलाव्यात, की गाडी पुढचे दोन-तीन महिने गुण्यागोविंदानं थांबते. मग एके दिवशी ऐंशीच्या वेगात हलकेच ब्रेकवर पाय ठेवावा आणि तळहाताला तीच ओळखीची थरथर जाणवावी. पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या गाडीनं हे चक्र मला दीड वर्ष फिरवलं. टर्बो इंजिनची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, वजन साधारण १,४०० किलो, टायर २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिलीमीटर, बाजूची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). त्या दीड वर्षात पुढच्या पॅडचे तीन जोड, डिस्कचे दोन जोड आणि टायरचा एक अख्खा संच बदलून झाला. दर वेळी मी भेटेल त्या जाणकाराला एकच विचारत होतो, सगळ्यात चांगला पॅड कुठला आणि सगळ्यात चांगला टायर कुठला. माझ्या गाडीत नेमकं काय कमी पडतंय हे विचारायला मला दीड वर्ष लागलं. याच तक्रारीनं जो कुणी हैराण असेल त्यानं पुढचा जोड विकत घेण्याआधी एक दिवस तपासणीला द्यावा, एवढ्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी कोण हरतंय ते बघा

पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळून चाक थांबवतात. रस्त्याला धरून गाडी थांबवतो तो टायर. या दोघांपैकी जो आधी हात टेकेल त्याच्यावर पैसे खर्च करायचे. दुसऱ्यावर केले तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ओळखायची चाचणी सोपी आहे. सरळ, कोरडा, रिकामा रस्ता बघा, मागे कुणी नाही याची खात्री करा आणि साठच्या वेगात पेडल एकदम पूर्ण जोरानं दाबा. पायाखाली टकटक-टकटक होऊन एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागं झालं, तर पॅडमध्ये चाक अडवण्याइतकी ताकद आहे हे उघड झालं. त्याहून चावरे पॅड लावून थांबायचं अंतर तसूभरही कमी होणार नाही. तिथे टायर सुटतोय. उलट जीव खाऊन दाबूनही एबीएस जागं होत नसेल, तर पॅड, डिस्क, पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑईल किंवा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर यांच्यात शोधा.

टायरच्या पकडीतला फरक किती महाग पडतो ते एकदा कागदावर मांडून बघा. ताशी १०० किलोमीटरवरून, टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी असेल तर गाडी सुमारे ३९ मीटरमध्ये थांबते. पकड वीस टक्क्यांनी कमी असेल तर ४९ मीटर लागतात. दहा मीटरनं काय होतंय असं वाटेल, म्हणून दुसऱ्या बाजूनं बघा: पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी दुसरी अजून ताशी ४५ च्या वेगानं पुढे सरकत असते. हा हिशोब केल्यापासून टायरच्या बाबतीत काटकसर करायची माझी हिंमत होत नाही.

थरथरीचीही थोडी उलटतपासणी हवी. ब्रेक मारल्यावरच येते, की नव्वद-शंभरच्या आसपास पाय ब्रेकवर नसतानाही येते? ब्रेक न मारता येत असेल तर बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायरचा सपाट झालेला भाग बघा, डिस्कला हात लावू नका. स्टिअरिंगमध्ये जाणवते ती बहुतेक वेळा पुढच्या चाकांची आणि सीटखाली किंवा पायाखालच्या पत्र्यात जाणवते ती मागच्या चाकांची.

लांबलचक घाट उतरताना किंवा ट्रॅकवर दोन-चार फेऱ्या मारल्यावर ब्रेक कमी पडत असतील, तर त्या क्षणी पेडल कसं लागतं ते पायात लक्षात ठेवा. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही: पॅड त्यांच्या सहनशक्तीपलीकडे तापलेत. पेडल मऊ पडून खाली जातंय: ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. दोन्हीकडे तक्रार तीच, 'ब्रेक लागत नाहीत', पण पहिल्याचा इलाज पॅड आणि दुसऱ्याचा इलाज ऑईल. दुसऱ्या प्रकारात महागडे पॅड लावले तर ते आणखी उष्णता सोसतील, आणि ती उष्णता पॅड ढकलणाऱ्या पिस्टनमधून त्याच जुन्या ऑईलकडे जाईल.

डिस्क वाकलेली नसते

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येतो. गॅरेजमध्ये तिन्ही वेळा एकच निदान झालं: 'डिस्क वाकलीय.' एकदा लेथवर मारून दिली, दोनदा नवी बसवली. रोजच्या वापरात बिडाची डिस्क तापून वाकते असं मानणं म्हणजे बहुतेक वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आहे. थरथर येते ती डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते म्हणून. जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो, आणि चाकाच्या प्रत्येक फेरीत ब्रेकचा जोर कमी-जास्त होतो. जाडीतला हा फरक मिलीमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही लागत नाही. हाताला मात्र स्टिअरिंगमधून बरोबर कळतो.

पण नव्या डिस्कची जाडी कमी-जास्त होते कशी? याचं उत्तर मला तिसऱ्या वेळी स्वतः चाक काढून बसलो तेव्हा मिळालं. पुढची डावी डिस्क सैल करून ओढली. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, जो सपाट चेहरा डिस्कला टेकतो, तिथे तांबूस-तपकिरी गंजाचं कडं होतं. वरवर बघितलं तर काहीच नाही. नख लावलं तर एका बाजूला बोटाच्या पेराएवढा पापुद्रा सुटून आला, कांद्याच्या सालीइतका पातळ. मायक्रोमीटरमध्ये धरला तर ०.०५ मिलीमीटर. आधीच्या दोन्ही डिस्क याच पापुद्र्यावर बसवल्या गेल्या होत्या.

आता हिशोब बघा. हबचा चेहरा साधारण १४० मिलीमीटर रुंद, डिस्कचा व्यास ३०० मिलीमीटर. हबच्या एका कडेला ०.०५ मिलीमीटरचा अडथळा आला की डिस्क तेवढी तिरकी बसते आणि तिच्या बाहेरच्या कडेला तो तिरकेपणा दुपटीहून जास्त, म्हणजे ०.१ मिलीमीटरच्या पुढे जातो. बहुतेक गाड्यांना डिस्क बसवल्यावर साधारण ०.०५ पेक्षा जास्त डुलणं चालत नाही. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

डुलणारी डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही, आणि सगळी फसगत इथेच होते. पॅड धरणारा जबडा, म्हणजे कॅलिपर, सरकता असल्यामुळे ब्रेक मारताना तो डिस्कबरोबर डुलून घेतो. पण ब्रेक सोडून गाडी नुसती पळत असते तेव्हा डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला हलकासा घासून जातो. कधी तिथलं बीड झिजतं, कधी पॅडचा माल तिथे चिकटतो. हजार, दोन हजार, तीन हजार किलोमीटर हे चालत राहतं आणि मग एकाच डिस्कवर एक जागा जाड, एक जागा पातळ. नवी डिस्क म्हणूनच दोन-तीन महिने बरी वाटते. मूळ कारण हबवर तसंच असतं आणि ते नव्या डिस्कला पहिल्या किलोमीटरपासून बिघडवत असतं.

मी काय केलं ते क्रमानं सांगतो. हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं आणि बारीक पॉलिश कागदानं चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ केला, प्रत्येक बोल्टच्या मुळाशीसुद्धा, कारण तिथला गंज हमखास राहून जातो. डिस्कची आतली बाजू आणि रिमची टेकणारी बाजूही साफ केली. डिस्क बसवून नटांखाली वॉशर घालून आवळली. डायल गेजचं (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचं) चुंबक सस्पेन्शनच्या खांबाला लावलं, टोक डिस्कच्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत टेकवलं आणि डिस्क हातानं सावकाश फिरवली. साफ करण्याआधी काटा ०.११ पर्यंत जाऊन येत होता. साफ केल्यावर ०.०५. मग डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवली आणि ०.०३ वर आला. ही भोक फिरवायची युक्ती फुकटची आहे आणि पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं.

दुसरा गुन्हेगार आहे नट आवळण्याची घाई. इम्पॅक्ट गननं एकापाठोपाठ एक नट ठोकून आवळले की एका नटावर दुप्पट ताण आणि दुसऱ्यावर निम्मा असं सहज होतं, आणि त्या असमान दाबानं डिस्कचा टेकणारा भाग किंचित पिळला जातो. टॉर्क रेंच घ्या, समोरासमोरचे नट आळीपाळीनं, दोन-तीन टप्प्यांत आवळा. पुष्कळ गाड्यांचा आकडा १०० ते १४० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या गाडीचा मॅन्युअलमधूनच घ्या. टायरच्या दुकानातून आलात की घरी नट एकदा सैल करून पुन्हा नीट आवळा. माझ्या दुसऱ्या डिस्कची वाट लागली ती बहुधा नवे टायर घालून आल्यानंतर, कारण थरथर परत सुरू झाली ती त्यानंतरच्या महिन्यात.

तिसरी गोष्ट, कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या सरकपिना. उजव्या बाजूचा आतला पॅड काढला तेव्हा त्याच्यावर जेमतेम ३ मिलीमीटर माल होता आणि त्याच कॅलिपरच्या बाहेरच्या पॅडवर ८. एवढा फरक दिसला की समजायचं, पिन अडकलीय किंवा पिस्टन मागे येत नाही. पिन ओढून काढली तर तिच्यावरचं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालेलं. ते सगळं पुसून, ब्रेकसाठीचंच, उष्णता सोसणारं आणि रबराला न खाणारं ग्रीस लावलं. साधं इंजिनाचं ग्रीस इथे लावू नका, रबरी टोप्या फुगतात आणि पिन पुन्हा अडकते.

पॅड निवडताना तापमान विचारा

पॅडची जाहिरात नेहमी पकडीची असते. मला विचाराल तर पॅड निवडताना पहिला प्रश्न तापमानाचा, तुमची डिस्क खरोखर किती तापते याचा. १,४०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली की सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते, आणि तीही बरीचशी पुढच्याच डिस्कमध्ये. २०० वरून थांबवली तर चौपट. शहरात, महामार्गावर चालणारी गाडी ही उष्णता अधूनमधून तयार करते आणि डिस्कला निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर तो वेळ मिळत नाही.

म्हणून रेसचे पॅड रोजच्या गाडीला लावणं मला साफ नामंजूर आहे. ते तापल्यावर कामाला येतात. सकाळी थंड असताना पहिल्याच चौकात पाय लावला की गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाते. शिवाय ते किंचाळतात आणि डिस्क खातात. माझा दुसरा जोड असाच होता. थंडीत गल्लीतून बाहेर पडताना समोर सायकलवर पोरगा आला, मी ब्रेक मारला आणि गाडी थांबली, पण मला वाटलं होतं त्याच्या दीड हात पुढे. त्याच आठवड्यात ते पॅड काढले.

रस्त्यावरच्या पॅडमध्ये ढोबळ मानानं तीन घराणी. सेंद्रिय आणि सिरॅमिक पॅड शांत, काजळी कमी, डिस्कवर मऊ, पण बरेचसे जोरदार वापरात लवकर थकतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा अंश भरपूर, उष्णता जास्त सोसतात, थोडा आवाज आणि जास्त काजळी. लो-मेटॅलिक हे मधलं घराणं, आणि युरोपातल्या पुष्कळ गाड्या कारखान्यातून हेच घेऊन येतात. त्यांच्या रिम काळ्या होतात त्या यामुळेच. स्पोर्टी गाडी रोज वापरायची, कधीमधी घाटात जोरात चालवायची, ट्रॅकवर न्यायची नाही, असं असेल तर मूळ दर्जाचे लो-मेटॅलिक किंवा रस्त्यासाठी म्हणून बनवलेले चांगले सेमी-मेटॅलिक यांच्या पुढे जायची गरज नाही. वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅकवर जात असाल तर ट्रॅकचा वेगळा जोड ठेवा आणि जाताना बदला. एकाच पॅडनं दोन्ही कामं भागवायला गेलात तर दोन्हीकडे कसर राहते.

पॅडच्या कडेला छापलेल्या अक्षरांकडे बघायची सवय लावा. शेवटची दोन इंग्रजी अक्षरं घर्षणाची असतात, पहिलं कमी तापमानाचं आणि दुसरं जास्त तापमानाचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' ०.३५ ते ०.४५, 'जी' ०.४५ ते ०.५५. 'एफएफ' हा रस्त्यासाठी निर्धास्त पर्याय. 'एफई' दिसलं तर समजा की तापल्यावर पकड उतरणार. पण यावरच सगळा भरवसा ठेवू नका. ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर प्रयोगशाळेत होते, तुमच्या कॅलिपरमध्ये नाही, आणि एका अक्षराचा पट्टा बराच रुंद आहे. युरोपीय नियमावलीतल्या 'आर ९०' मंजुरीचा शिक्का मागच्या पत्र्यावर असेल तर मला जास्त बरं वाटतं. तिथे बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वेगळी चालत नाही. एबीएस आणि स्थिरता सांभाळणारी यंत्रणा मूळ पॅडचा अंदाज धरून बसवलेली असते, त्यामुळे फक्त पुढचे पॅड फार चावरे लावले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो.

एक जाता जाता. नावावर जाऊन वर्षानुवर्षं तोच पॅड घेत असाल तर डबा नीट वाचा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०१० मध्ये कायदा करून पॅडमधलं तांबं २०२१ पासून ५ टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत आणायला लावलं. ब्रेकची धूळ पावसाबरोबर नदीनाल्यांत जाते आणि तांबं माशांच्या जिवावर उठतं, म्हणून. त्यामुळे पुष्कळ जुन्या नावांच्या पॅडचा आतला माल बदललाय. कायदा मला पटतो. पण 'हाच पॅड गेल्या वेळी भारी होता' हे आता पुरेसं कारण राहिलेलं नाही.

भोकं पाडलेल्या डिस्कबद्दलही विचारणा होते. रस्त्यावर त्यांचा मला काही उपयोग दिसला नाही, आणि जोरदार वापरात भोकांच्या कडेनं बारीक चिरा जातात. साधी, आतून हवा खेळणारी, जाड डिस्क घ्या. जुनी ठेवणार असाल तर कडेवर कोरलेली किमान जाडी बघा आणि मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी मोजा.

बसवल्यावरचा अर्धा तास

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळायला हवेत. पॅडच्या मालाचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसला की ब्रेक नीट लागतो. तो डागाडागांनी बसला की थरथर. पॅड बनवणारे आपापली रीत देतात, ती आधी वाचा. माझ्या पॅडची अशी होती: रिकाम्या रस्त्यावर शंभरच्या वेगातून वीसपर्यंत मध्यम-जोरदार ब्रेक, पूर्ण न थांबता पुन्हा वेग, असं आठ वेळा. मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता सावकाश चालवून डिस्क निवू द्यायच्या. मध्ये वास येतो, थोडा धूरही दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

या काळात आणि नंतरही एक गोष्ट टाळायची. जोरात ब्रेक मारून गाडी थांबली की पेडल तसंच दाबून धरून उभं राहायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून राहतो आणि आपला ठसा सोडतो. माझ्या पहिल्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा निळसर-करडा डाग स्पष्ट दिसत होता, अगदी कडांसकट. थोडी जागा ठेवून थांबा आणि गाडी इंचभर पुढे सरकू द्या.

पॅडचा प्रकार बदलत असाल तर डिस्कवरचा जुन्या मालाचा थर बारीक पॉलिश कागदानं घासून काढा. एका प्रकारच्या थरावर दुसऱ्या प्रकारचा पॅड नीट बसत नाही.

टायर

टायर निवडताना पहिला आकडा हवामानाचा. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक पडायला लागतं आणि अतिचिकट स्पोर्ट टायर तर त्याही आधी लाकडासारखे वागतात. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे दोन संच ठेवणं हेच खरं. जिथे पडत नाही तिथे चांगला उन्हाळी टायर सर्व ऋतूंच्या टायरला कोरड्यात आणि पावसातही मागे टाकतो.

मग बाजूवरचे आकडे. २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू यातला ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. या दोन्हींत गाडीच्या कंपनीनं सांगितल्यापेक्षा खाली उतरू नका. आकार बदलायचा असेल तर बाहेरचा व्यास जपा. २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४ मिलीमीटर, २२५/४० आर १८ चा ६३७, म्हणजे जवळपास सारखाच. पण रिम तीच ठेवून नुसतं २३५/४५ केलं तर ६४३ होतो, दीड टक्क्याच्या आसपास मोठा. स्पीडोमीटर तेवढा मागे पडतो आणि फेंडरला घासायची शक्यता वाढते. लहान रिम घालणार असाल तर आधी कॅलिपरवरून फिरवून बघा. स्पोर्टी गाड्यांच्या मोठ्या पुढच्या ब्रेकवर सोळा इंची रिम पुष्कळदा बसतच नाही.

टायर किती टिकेल याचा अमेरिकी आकडा बाजूवर असतो, २०० असेल, ३४० असेल, ५०० असेल. त्याची चाचणी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ रस्त्यावर ठरलेल्या टायरशी तुलना करून होते, पण आकडा कंपनी स्वतः जाहीर करते. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या ३०० आणि ३४० मध्ये अर्थ शोधू नका. २०० आणि ५०० मध्ये मात्र आहे: मोठा आकडा म्हणजे टायर जास्त टिकतो, पण पकड बहुधा कमी. माझा चुकलेला संच ५०० च्या घरातला होता. गाडीवर चावरे पॅड आणि असे टायर, मग पावसात हलक्याशा ब्रेकला एबीएस कुरकुरायचं. पॅड आणि टायर एकमेकांशी भांडत होते. आता ३०० च्या आसपासचा उन्हाळी टायर आहे आणि मूळ दर्जाचा पॅड, आणि पेडल दाबलं की किती मिळणार हे पायाला आधीच कळतं. २०० वाले टायर ट्रॅकवर मजा देतात, पण त्यांच्या खाचा बहुधा उथळ असतात आणि साचलेल्या पाण्यावर गाडी लवकर तरंगते. युरोपातलं लेबल मिळालं तर ओल्या पकडीचा वर्ग बघा. मे २०२१ पासून तो 'ए' ते 'ई' असा आहे. मी 'ए' च्या खाली जात नाही.

तारीख न बघता टायर घेऊ नका. बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. खाचेची कायदेशीर किमान खोली पुष्कळ देशांत १.६ मिलीमीटर असली, तरी पावसातली पकड ३ मिलीमीटरच्या आसपासच घसरायला लागते. मी तिथेच बदलतो. दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पावसात पुढचा टायर सुटला तर गाडी सरळ जाते आणि माणूस आपसूक वेग कमी करतो. मागचा सुटला तर गाडी फिरते, आणि ती सावरणं सगळ्यांना जमत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला खाचेतला फरक गिअरच्या यंत्रणेला झेपत नाही, तिथे मॅन्युअल सांगतं तेवढाच चालवा.

जुना टायर टाकण्याआधी त्याच्यावर हात फिरवा. आतली कड जास्त झिजली असेल किंवा करवतीसारखे दाते लागत असतील, तर नवे घालण्याआधी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवेही त्याच वाटेनं जातील. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीत थर असतो. पहिले दोनेकशे किलोमीटर जपून चालवा, आणि ब्रेकची चाचणी त्याआधी घेऊ नका, निकाल खोटा येतो.

ब्रेक ऑईलचं थोडक्यात. ते हवेतलं पाणी शोषतं. डब्यावर 'डॉट' आणि आकडा अशी त्याची प्रत लिहिलेली असते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. दोन वर्षांत बदला, ट्रॅकवर जाणार असाल तर जाण्याआधी. डॉट ५ हे सिलिकॉनचं निराळं ऑईल आहे, ते यांच्यात मिसळू नका.

हब साफ करून पॅडचा तिसरा जोड बसवल्याला आता १४,००० किलोमीटर झाले. गेल्या रविवारी चाकं काढली. डाव्या डिस्कचं डुलणं अजून ०.०३ वर आहे, आठ जागी मोजलेली जाडी शंभराव्या भागापर्यंत सारखी आहे, आणि आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये अर्ध्या मिलीमीटरचा फरक. उजव्या मागच्या कॅलिपरची खालची पिन मात्र थोडी जड लागली. तिचं ग्रीस या शनिवारी बदलतोय.